रिंगणाआधीची कचेरी



मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीचा १९५१ सालचा ‘क्वो वादिस’ बायबलपट म्हणून ओळखला जातो; पण त्यातली गोष्ट बायबलमध्ये नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक जिथे थांबते, तिथे पौल रोममध्ये भाड्याच्या घरात दोन वर्षे राहिलेला आहे, येईल त्याच्याशी बोलतो आहे, आणि ज्या खटल्यासाठी त्याला एवढ्या लांब आणले त्याचा निकाल लागलेला नाही. पुढे नीरोने काय केले, पेत्राचा शेवट कसा झाला, याची कथा नव्या करारात कुठेही सविस्तर सांगितलेली नाही. पेत्र रोममधून पळून निघालेला असताना वेशीपाशी त्याला समोरून येणारा ख्रिस्त भेटतो, पेत्र विचारतो की आपण कुठे निघालात, आणि उत्तर मिळते की पुन्हा एकदा क्रुसावर चढायला रोमला निघालो आहे, ही आख्यायिका दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ‘पेत्राची कृत्ये’ या ग्रंथात येते. हा ग्रंथ बायबलमध्ये घेतला गेला नाही. या आख्यायिकेतल्या ‘आपण कुठे निघालात’ या प्रश्नाच्या लॅटिन रूपावरून, म्हणजे ‘क्वो वादिस’वरून, पोलिश कादंबरीकार हेन्रिक शेनक्येविच यांनी आपल्या कादंबरीला नाव दिले. ती १८९५ पासून क्रमशः छापली गेली आणि १८९६ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्या वेळी पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. कादंबरीची नायिका लिगिया आणि तिचा धिप्पाड रक्षक उर्सुस हे ज्या जमातीचे दाखवले आहेत, ती पोलिश वाचकांना आपल्या पूर्वजांची वाटत होती. म्हणजे रोमची गोष्ट सांगताना मनात साम्राज्य दुसरेच होते. या गोष्टीचे जे जे नवे रूप आले, त्यात हे घडलेले दिसते, आणि त्यात गैर काही नाही. या गोष्टीच्या चित्रपटरूपात छळ कुठे घडतो आणि कोणाच्या हातून घडतो, हा माझा आजचा प्रश्न आहे.

‘क्वो वादिस’ रोमजवळच्या सिनेचित्ता स्टुडिओत चित्रित झाला. मुसोलिनीच्या राजवटीत १९३७ साली उभा राहिलेला हा स्टुडिओ युद्धानंतर काही काळ निर्वासितांची छावणी होता. दिग्दर्शक मर्विन लरॉय, संगीत मिक्लोश रोझा यांचे, नायक रॉबर्ट टेलर, नायिका डेबरा कर. पण पाहणाऱ्याच्या लक्षात राहतो तो पीटर युस्तिनोव्ह यांचा नीरो. लाडावलेला, घाबरट, स्वतःच्या कवित्वावर खूश असलेला, जळत्या शहरासमोर गाणारा आणि आपले अश्रू कुपीत साठवणारा हा नीरो अभिनय म्हणून असामान्यच आहे. कथेची सगळी क्रूरता या एका चेहऱ्यात येऊन बसते. सम्राट वेडा आहे, म्हणून शहर जळते. त्याला दोष ढकलायला कोणी तरी हवे, म्हणून ख्रिस्ती लोक पकडले जातात. त्याला करमणूक हवी, म्हणून सिंह सोडले जातात. लिगियाला रिंगणात खांबाला बांधतात आणि उर्सुस बैलाची मान मोडतो, तेव्हा प्रेक्षागारातले रोमन लोक नीरोवर उलटतात आणि छळाची गोष्ट तिथल्या तिथे मिटते. हा आराखडा या एकाच चित्रपटाचा नाही. सेसिल बी. डेमिल यांच्या १९३२ च्या ‘द साइन ऑफ द क्रॉस’मध्ये चार्ल्स लॉटन यांचा नीरो आहे आणि रिंगणातल्या हालअपेष्टांचा प्रदीर्घ देखावा आहे. १९५३ चा ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट; त्यात किंचाळणारा कॅलिग्युला आहे. चेहरे बदलतात, रचना तीच राहते: वर आसनावर एक विकृत माणूस, खाली वाळूत गाणारे निष्पाप लोक, आणि मध्ये कॅमेरा. माझे म्हणणे असे, की या रचनेने छळाची जागाच चुकवली. छळ रिंगणात संपत असे हे खरे. पण तो सुरू होत असे कचेरीत. चित्रपटांनी कचेरी वगळली, आणि तिच्याबरोबर या इतिहासातला सर्वांत अवघड प्रश्नही वगळला.

इतिहासाच्या चुका काढणे हा माझा हेतू नाही, म्हणून त्या झटपट सांगून बाजूला ठेवतो. रोमची आग इसवी सन ६४ च्या जुलैत लागली. आपला मुख्य साक्षीदार रोमन इतिहासकार टॅसिटस. तो जवळजवळ पन्नास वर्षांनी लिहितो. त्याच्या सांगण्याप्रमाणे आग लागली तेव्हा नीरो अँटियममध्ये होता, आणि परतल्यावर त्याने बेघर झालेल्यांसाठी आपल्या बागा उघडल्या. शहराच्या चौदा विभागांपैकी फक्त चार शाबूत राहिले. नीरोनेच आग लावली, ही कुजबूज थांबेना, तेव्हा त्याने दोष ख्रिस्ती लोकांवर टाकला. टॅसिटस ज्या शिक्षा नोंदवतो त्यांत सिंह नाहीत. जनावरांची कातडी पांघरवून कुत्र्यांकडून फाडून घेणे, क्रुसावर देणे आणि अंधार पडल्यावर माणसांच्या मशाली करणे, या त्या शिक्षा. कोलोझियम तेव्हा नव्हतेच. त्याचे उद्घाटन इसवी सन ८० मधले. ‘द रोब’मध्ये कॅलिग्युलाने ख्रिस्ती लोकांचा छळ केल्याचे दाखवले आहे, त्याला तर आधारच नाही, त्याचे वाकडे आले ते यहुद्यांशी, यरुशलेमच्या मंदिरात स्वतःचा पुतळा बसवण्याच्या हट्टावरून. या सगळ्या चुका मान्य केल्या तरी चित्रपटकाराला एवढी सूट असायला हवी. कादंबरीकार आणि नाटककार ती नेहमीच घेत आले आहेत. पण टॅसिटसच्या त्याच उताऱ्यात एक गोष्ट आहे, ती सोडण्याची सूट मात्र कोणी घेऊ नये असे वाटते. टॅसिटसला स्वतःला ख्रिस्ती लोकांची घृणा आहे. ते शिक्षेला पात्रच होते, असे त्याचे मत आहे. तरीही एका माणसाची क्रूरता भागवण्यासाठी ते मारले जात आहेत असे वाटून लोकांना दया आली, हे तो लिहितो. म्हणजे या उताऱ्याचा सुसंस्कृत, बुद्धिमान, न्यायप्रिय लेखक नीरोचा वेडेपणा नाकारतो आणि शिक्षा मात्र मान्य करतो. चित्रपटांना नीरो दिसला. टॅसिटस त्यांना दिसला नाही, आणि पुढची अडीचशे वर्षे छळ चालवला तो टॅसिटससारख्या माणसांनी.

मराठी ख्रिस्ती लेखनात हुतात्म्यासाठी ‘रक्तसाक्षी’ हा शब्द आहे. तो मला फार नेमका वाटतो, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही साक्षीदार असाच आहे. साक्ष रिंगणात होत नाही. साक्षीला न्यायासन लागते, विचारणारा लागतो, लिहून घेणारा लागतो. रक्तसाक्ष्यांच्या जुन्यात जुन्या नोंदी पाहिल्या तर हेच दिसते. उत्तर आफ्रिकेतल्या स्किलियम गावच्या बारा स्त्री-पुरुषांची चौकशी १७ जुलै १८० रोजी कार्थेजला झाली. तिचे उपलब्ध टिपण एखाद्या खटल्याच्या कामकाजासारखे कोरडे आहे. प्रांताधिकारी सॅटर्निनस ओरडत नाही, धमकावत नाही. सम्राटाच्या नावाने शपथ घ्या, तुम्हाला माफी मिळू शकते, असे तो समजुतीने सांगतो. तुमच्या पेटीत काय आहे, असे विचारतो, तेव्हा उत्तर मिळते की पुस्तके आहेत आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रे आहेत. शेवटी तो विचार करायला तीस दिवसांची मुदत देऊ करतो. ती ते घेत नाहीत, आणि तलवारीची शिक्षा होते. ना सिंह, ना प्रेक्षक, ना गाणे. तीस दिवसांची ती मुदत मला कुठल्याही श्वापदापेक्षा भयंकर वाटते, कारण ती देणारा माणूस दुष्ट नाही. त्याला ही माणसे मारायची इच्छा नाही. त्याला फक्त एक छोटीशी गोष्ट हवी आहे, आणि ती त्यांना इतकी छोटी का वाटत नाही, हे त्याला कोणी सांगू शकत नाही.

या कचेरीचे सर्वांत तपशीलवार चित्र प्लिनीच्या पत्रात आहे. इसवी सन ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पाँटस प्रांताचा कारभार पाहताना त्याने सम्राट ट्राजानला ते लिहिले. प्लिनी वकील होता, लेखक होता, गुलामांशी बऱ्यापैकी माणुसकीने वागणारा धनी होता. पत्राची सुरुवातच शंकांनी होते. ख्रिस्ती लोकांच्या खटल्यांत आपण पूर्वी कधी हजर नव्हतो, तेव्हा शिक्षा कशाची करायची? कोवळ्या वयाच्यांना वेगळे धरायचे का? पश्चात्ताप केला तर सोडायचे का? गुन्हा काही घडलेलाच नसेल तर नुसते ‘ख्रिस्ती’ हे नाव शिक्षेला पुरेसे आहे का? हे प्रश्न उत्तम आहेत. आणि या उत्तम प्रश्नांची उत्तरे येण्याआधीच त्याने लोक मारलेले आहेत. ज्यांनी तीनदा विचारल्यावरही आपण ख्रिस्ती आहोत असे सांगितले, त्यांना त्याने देहदंडाला पाठवले. त्यांचे मत काहीही असो, त्यांचा हट्ट तरी शिक्षेला पात्र आहेच, असे त्याने स्वतःला समजावले. रोमन नागरिकांना रोमला पाठवण्यासाठी वेगळे काढले. मग निनावी कागद आला, त्यात पुष्कळ नावे होती. प्लिनीने परीक्षा ठरवली: देवांचे नाव घ्यायचे, सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य अर्पण करायचे, ख्रिस्ताला शाप द्यायचा. काहींनी सगळे केले आणि सांगितले की आम्ही पूर्वी होतो, आता नाही. कोणी तीन वर्षांपूर्वी सोडले होते, कोणी पंचवीस. हे लोक करत तरी काय होते, याचा शोध त्याने घेतला. ठरावीक दिवशी पहाटेच्या आधी जमायचे, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणायचे, चोरी आणि व्यभिचार करणार नाही, ठेव बुडवणार नाही अशी शपथ घ्यायची आणि नंतर एकत्र साधे जेवायचे. खात्री पटेना म्हणून त्याने दोन गुलाम स्त्रियांना यातना दिल्या. त्या या मंडळीत सेविका म्हणून नेमलेल्या होत्या. त्यांच्याकडूनही अतिरेकी अंधश्रद्धेपलीकडे काही निघाले नाही, असे तो नोंदवतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. त्या दोघींची नावे तो देत नाही. पत्राच्या शेवटी बाजाराची बातमी आहे: ओस पडलेल्या देवळांत पुन्हा वर्दळ सुरू झाली आहे आणि बळीच्या मांसाला, ज्याला गिऱ्हाईक मिळत नव्हते, पुन्हा मागणी आली आहे. तक्रारी कुठून उगवत असतील, याचा अंदाज या एका तपशिलावरून बांधता येतो. ट्राजानचे उत्तर आखूड आणि समंजस आहे. यांना शोधून काढू नये. तक्रार आली आणि सिद्ध झाली तर शिक्षा करावी. देवांची पूजा करून जो नाकारेल त्याला सोडावे. निनावी कागद मुळीच स्वीकारू नये, कारण ते आपल्या काळाला शोभत नाही. रोमच्या उत्तम सम्राटांत गणला गेलेला राजा आणि त्याचा विवेकी अधिकारी यांच्यामधला हा पत्रव्यवहार आहे. यात वेडेपणाचा लवलेश नाही.

पुढच्या शतकात ही परीक्षा सगळ्या साम्राज्यावर पसरली. सम्राट डेशियसने इसवी सन २४९ च्या अखेरीस किंवा २५० च्या आरंभी हुकूम काढला, की सर्वांनी देवांना बळी अर्पण करावा आणि त्याचा दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. नमुना जवळजवळ एकच. गावच्या नेमलेल्या पंचांना अर्ज. अर्जदाराचे नाव, बापाचे नाव, गाव. मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो आहे आणि आज तुमच्यासमोर हुकमाप्रमाणे अर्घ्य दिले, बळी दिला, प्रसाद चाखला, तरी तसे प्रमाणित करावे ही विनंती. खाली पंचांची सही आणि तारीख. एक दाखला मगररूपी देव पेतेसुखोस याच्या पुजारिणीचा आहे. म्हणजे जिचे सारे आयुष्य देवळात गेले, तिलाही आपण देवभक्त असल्याचे सरकारी कागदावर लिहून घ्यावे लागले. डेशियसचा हुकूम ख्रिस्ती लोकांना डोळ्यांसमोर ठेवून काढला होता का, यावर अभ्यासक वाद घालतात. ख्रिस्ती लोकांवर मात्र त्याचा परिणाम काय झाला हे स्पष्ट आहे. कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या लेखनातून दिसते, की पुष्कळांनी बळी दिला, काहींनी नुसता धूप टाकला, आणि काहींनी पैसे चारून बळी न देताच दाखला मिळवला. सिप्रियन स्वतः लपून राहिला. आठ वर्षांनी, सप्टेंबर २५८ मध्ये, त्याचा शिरच्छेद झाला. बळी देऊन किंवा दाखला घेऊन श्रद्धेतून पडलेल्या लोकांसाठी ख्रिस्ती भाषेला वेगवेगळे शब्द तयार करावे लागले. चर्चमध्ये मोठी फूट पडली ती याच प्रश्नावर, की जे पडले त्यांना परत घ्यायचे की नाही. आता ‘क्वो वादिस’ आठवा. त्यात हजारो ख्रिस्ती आहेत, सगळे गातात, आणि त्यांच्यातला एकही जण धूप टाकत नाही. ज्या आख्यायिकेवरून चित्रपटाला नाव मिळाले ती पळणाऱ्या माणसाची आहे, आणि पळणाऱ्यांना चित्रपटात जागा नाही, पेत्र वगळता. आणि पेत्रालाही क्षणभरच.

याला तीन बाजूंनी हरकत येते. पहिली हरकत इतिहासकारांची. कँडिडा मॉस यांच्या २०१३ च्या ‘द मिथ ऑफ पर्सिक्यूशन’ या पुस्तकाचे म्हणणे असे की सतत, संघटित छळाची कल्पना बरीचशी नंतर रचली गेली. ब्रेंट शॉ यांनी तर २०१५ मध्ये नीरोने ख्रिस्ती म्हणून कोणाला शिक्षा केली का, यावरच प्रश्न उभा केला. मग कचेरीची एवढी गोष्ट कशाला, असे कोणी विचारेल. संख्या कमी होती हे मान्य करायला हवे. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ऑरिजेन स्वतः म्हणतो, की श्रद्धेसाठी मेलेल्यांची मोजदाद सहज होण्यासारखी आहे. पण आकडा लहान ठरला म्हणजे बिथिनियाच्या त्या दोन स्त्रियांवरची यातना लहान होत नाही. मॉस यांच्या टीकेने रिंगणाचा देखावा फिका पडतो, कचेरीचा नाही. उलट छळ तुरळक, स्थानिक आणि तक्रारीवर अवलंबून होता, हे दाखवून त्या प्लिनीलाच मध्यभागी आणून बसवतात. दुसरी हरकत श्रद्धावानांची: रिंगण खरेच होते, मग ते दाखवल्याबद्दल तक्रार का? होते, यात शंका नाही. इसवी सन १७७ मध्ये ल्योंला गुलाम ब्लँडिना रिंगणात मेली. २०३ मध्ये कार्थेजला पर्पेटुआ आणि फेलिसितास रानटी गायीपुढे टाकल्या गेल्या. पण पर्पेटुआने स्वतः लिहिलेला भाग रिंगणाच्या आदल्या दिवशी थांबतो. त्यात काय आहे? तुरुंगातला अंधार, अंगावर पिणाऱ्या बाळाची काळजी, आणि पुन्हा पुन्हा येऊन गयावया करणारा म्हातारा बाप. न्यायासनावरचा हिलारियानस तिला बापाच्या पिकलेल्या केसांची आणि तान्ह्या बाळाची कीव करायला सांगतो आणि सम्राटांच्या कल्याणासाठी बळी दे, एवढेच मागतो. ती नाही म्हणते. बाप मध्ये पडतो, तेव्हा त्याला छडीने मारले जाते, आणि तो मार आपल्यालाच बसल्यासारखे वाटले, असे ती लिहिते. रिंगणाची ही सर्वांत प्रसिद्ध साक्ष कचेरीच्या वर्णनाने भरलेली आहे.

तिसरी हरकत चित्रपटवाल्यांची, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. कागद, अर्ज, सह्या यांचा चित्रपट होत नाही. पडद्याला चेहरा लागतो, गर्दी लागते, खलनायक लागतो. कार्ल ड्रायर यांनी १९२८ मध्ये जोन ऑफ आर्कच्या १४३१ च्या खटल्याच्या नोंदींवरून मूकपट केला, तो जवळजवळ सगळा चौकशीत घडतो, आणि चेहऱ्यांशिवाय त्यात फारसे काही नाही. तेव्हा माध्यमाला ते जमत नाही असे म्हणता येत नाही. आणि १९५० च्या आसपासच्या हॉलिवूडला तर कचेरी दारातच दिसत होती. अमेरिकी प्रतिनिधिगृहाची अमेरिकाविरोधी कारवायांची समिती १९४७ पासून चित्रपट व्यवसायातल्या माणसांना बोलावत होती. तिथे प्लिनीचेच प्रश्न होते: तू कम्युनिस्ट पक्षात आहेस का, कधी होतास का, आणखी कोण होते. नकार देणाऱ्या दहा जणांना तुरुंगवास झाला. त्यांच्यापैकी एडवर्ड डिमिट्रिक यांनी १९५१ मध्ये परत येऊन नावे घेतली, आणि त्यांना पुन्हा काम मिळाले. ‘क्वो वादिस’चा नायक रॉबर्ट टेलर यांनीही ऑक्टोबर १९४७ मध्ये या समितीपुढे साक्ष दिली होती आणि सहकाऱ्यांची नावे घेतली होती. ‘द रोब’च्या पटकथेवर अल्बर्ट माल्ट्झ यांनी काम केले होते. ते त्या दहांपैकी एक; म्हणून श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. पटकथाकारांच्या संघटनेने ते १९९७ मध्ये परत दिले. त्याच चित्रपटात सम्राट टायबेरियस नायकाला या नव्या पंथाच्या अनुयायांची नावे आणायला सांगतो. तो एक क्षण कचेरी पडद्यावर आली आणि गेली. पाठोपाठ किंचाळणारा कॅलिग्युला येऊन बसला. ‘क्वो वादिस’च्या आरंभी निवेदक सांगतो की रोममध्ये व्यक्ती राज्याच्या मर्जीवर जगत होती. त्या वेळच्या प्रेक्षकांना त्यात हिटलर आणि स्टालिन ऐकू येणे स्वाभाविक होते. आधी या चित्रपटाची तयारी करणाऱ्या जॉन ह्यूस्टन यांच्या मनात तर नीरोच्या रूपात हिटलरच होता. राज्य म्हणजे तिकडचे, दूरचे, वेड्या माणसाचे. समितीची खोली स्टुडिओच्या इतकी जवळ होती, आणि तरी त्या खोलीत बसलेला सभ्य, प्रश्न विचारणारा माणूस रोमन वेषात पडद्यावर आला नाही.

चेहऱ्याला दिलेल्या या महत्त्वाची किंमत ख्रिस्ती इतिहासालाही द्यावी लागली, आणि मराठी-कोकणी प्रदेशात ती लपवण्याचे कारण नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, इन्क्विझिशन चालले. पोर्तुगीज भाषेत त्याचे नावच ‘पवित्र कचेरी’ होते. तिथेही गुपचूप केलेली तक्रार होती, चौकशी होती, कबुली होती, नाकारण्याची आणि परत घेण्याची पद्धत होती. तिच्या कक्षेत आधी मुख्यतः ख्रिस्ती झालेले यहुदी आले आणि नंतर मोठ्या संख्येने गावोगावचे धर्मांतरित गोवेकर आले, ज्यांच्या घरात जुन्या चालीरीतींचा अंश राहिला होता. १७३६ च्या फर्मानात दारातली तुळसही गुन्ह्यांच्या यादीत आली. ल्यों आणि कार्थेजच्या रक्तसाक्ष्यांचे सण पाळणाऱ्या माणसांनी हे चालवले. हे कसे शक्य झाले? मला वाटते, रक्तसाक्ष्यांची आठवण जेव्हा केवळ रिंगणाची आठवण होते, तेव्हा छळणारा नेहमी श्वापद सोडणारा असतो, आणि मेजाशी बसून नावे लिहून घेणाऱ्याला स्वतःमध्ये तो दिसत नाही. चित्रपटाने ही चूक सुरू केली नाही. चित्रे, प्रवचने, नाटके यांच्याकडून ती त्याला वारशाने मिळाली. पण विसाव्या शतकात ती कोट्यवधी डोळ्यांपर्यंत त्याने पोहोचवली.

कचेरीचा चित्रपट मला सापडतो तो रोममध्ये नाही, जपानमध्ये. आणि तिथे वसईचा एक माणूस आहे. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, वडील पोर्तुगीज, आई इथली. आधी जेझुइटांचे मदतनीस, मग जपानात व्यापारी, मग फ्रान्सिस्कन बंधू. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवले गेले, त्यांत ते होते. डाव्या कानाचा तुकडा कापून, हिवाळ्यात, क्योतोहून नागासाकीपर्यंत त्यांची धिंड काढली होती. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याला ते दृश्य सगळ्यांना दाखवायचे होते, आणि सगळ्यांनी ते पाहिले. पण ते पाहून श्रद्धा विझली नाही. जपानच्या राज्यकर्त्यांना पुढच्या काही दशकांत कळून चुकले, की रिंगणातून रक्तसाक्षी तयार होतात. मग त्यांनी कचेरी उभारली. ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवण्याची परीक्षा, खड्ड्यात उलटे टांगून नकार मिळवणे, आणि प्रत्येक घराने बौद्ध मंदिराकडून दाखला घेणे: डेशियसचे पंच पुन्हा जागे झाल्यासारखे. शुसाकु एंडो यांची १९६६ ची कादंबरी ‘चिनमोकु’, म्हणजे ‘मौन’, याच काळाची आहे. मासाहिरो शिनोदा यांनी १९७१ मध्ये आणि मार्टिन स्कॉर्सेझी यांनी २०१६ मध्ये तिच्यावर चित्रपट केले. स्कॉर्सेझी यांच्या चित्रपटातला इनोउए हा चौकशी अधिकारी हसरा, थकलेला, उकाड्याने त्रासलेला म्हातारा आहे. नुसता पाय टेकवा, ही औपचारिकता आहे, असे त्याची माणसे पुन्हा पुन्हा सांगतात. स्किलियमच्या लोकांना तीस दिवस देणारा सॅटर्निनस मला या माणसांत दिसतो. आणि त्यात किचिजिरो नावाचा ख्रिस्ती आहे. तो प्रत्येक वेळी तुडवतो, प्रत्येक वेळी पळतो, पाद्रीला पकडून देतो आणि पुन्हा पापकबुलीसाठी परत येतो, इतक्या वेळा की पाहणाऱ्याला त्याचा राग यावा.

कार्थेजमध्ये २५१ साली बिशपांची सभा भरली, तेव्हा बाहेर असेच लोक होते. सभेने ठरवले की ज्यांनी नुसता दाखला घेतला त्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यावे, आणि ज्यांनी बळी दिला त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे. मरणशय्येवर मात्र त्यांना नाकारू नये. दोनेक वर्षांनी नव्या छळाची चिन्हे दिसू लागली. तेव्हा सिप्रियन आणि त्याचे सहकारी पुन्हा बसले, आणि जे प्रायश्चित्त करत दाराशी थांबले होते त्या सगळ्यांना आत घेण्याचे ठरले, येणाऱ्या परीक्षेला त्यांना एकटे सामोरे जावे लागू नये म्हणून.